‘तू बघ’ म्हणजे नेमकं काय, सर?

सर,

तुमच्या शोकसभेचं अध्यक्षपद कोणी घ्यायचं, यावरून मंडळात चांगलीच जुंपली. जयंतीभाईंचं म्हणणं, सर्वांत ज्येष्ठ सभासदाने बसावं. म्हणजे अर्थातच जयंतीभाईंनी. माझं म्हणणं, ज्या माणसाने शेवटची कितीतरी वर्षं तरुणांना पुढे ढकलण्यात घालवली, त्याच्या शोकसभेला तरी सर्वांत लहान सभासदाला बसवा. म्हणजे तलासरीच्या अस्मिताला. "केतकीबेन," जयंतीभाई म्हणाले, "एवढा मोठा माणूस गेला, नि तू कालच्या पोरीला खुर्चीत बसवते? लोक काय बोलेल?" लोक म्हणजे कोण, असं मी विचारलं. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतल्या आर्किटेक्टांचं आपलं एवढंसं मंडळ, त्यात सभेला येणारी टाळकी मोजकी. लोक आणायचे कुठून? शेवटी तोडगा निघाला तो अगदी आपल्या मंडळाला शोभणारा. अध्यक्षच नको! खुर्ची मोकळी ठेवायची, तिच्यावर तुमचा फोटो ठेवायचा, आणि प्रत्येकाने उठून फोटोकडे बघत बोलायचं. ज्या खुर्चीतून उठायला तुम्ही इतके धडपडलात, तिच्यातच आम्ही तुम्हाला परत नेऊन बसवलं, वर हारही घातला.

मी त्या दिवशी बोलले नाही. बाकीचे खूप छान बोलले. तुम्ही बांधलेल्या शाळा, बागायतदारांचे बंगले, चिकूच्या वखारी, कोळीवाड्यातलं ते समाजमंदिर, सगळं आलं. अस्मितासुद्धा बोलली. मला मात्र बोलायचं नव्हतं, विचारायचं होतं. आणि फोटोला प्रश्न विचारायला लागलं की आजूबाजूची माणसं आपल्याकडे काळजीने बघायला लागतात. म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

प्रश्न तुम्हाला पाठ आहे. पण हे तुमच्याशिवाय आणखी कोणी वाचलं तर त्याला नीट कळावं, म्हणून पहिल्यापासून सांगते.

स्टेशन रोडवरची आपली खोली. खाली स्टेशनरीचं दुकान, वर आपलं मंडळ. ती वार्षिक सभा. आदल्याच सभेत तुम्ही जाहीर केलं होतंत की मी आता पुरे, दुसरा अध्यक्ष शोधा. इच्छुक दोघं होते, जयंतीभाई आणि सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले आपले पाटीलसाहेब. दोघंही मोठ्या अदबीने एकमेकांना "छे छे, तुम्हीच व्हा" म्हणत होते, आणि दोघांपैकी एकाच्याही मनात ते नव्हतं. हा आग्रह बराच वेळ चालला. इतक्यात खाली चहावाल्याने शटर बडवलं. त्याला जिना चढायचा कंटाळा, तो नेहमी खालूनच बडवायचा. तुम्ही समोरच्या कागदांतून मान वर न काढता हात हलवलात आणि म्हणालात, "केतकी, तू बघ."

मी उठले. उठणारच, कारण तेव्हा सर्वांत लहान मीच होते, शिवाय एकटी बाई. मनातल्या मनात चरफडत खाली गेले, किटली घेतली, ग्लास घेतले, सुट्ट्या पैशांवरून चहावाल्याशी हुज्जत घातली आणि वर आले, तर सगळे टाळ्या वाजवत होते. मला वाटलं चहासाठी. जयंतीभाईंनी माझ्या हातातली किटली काढून घेतली आणि म्हणाले, "अध्यक्षाने चहा वाटायचा नाय." पाटीलसाहेबांनी हात जोडले. आपल्याला नाही मिळालं याचं दुःख दोघांच्याही चेहऱ्यावर होतं, पण त्यालाही नाही मिळालं याचा आनंद जास्त होता. सरांनी स्वतः नाव घेतलं म्हटल्यावर बोलायचं कोणी? आणि तुम्ही? तुम्ही माझ्याकडे बघत होतात. तो चेहरा मला अजून वाचता आलेला नाही.

तर प्रश्न एवढाच, सर. तुम्ही मला काय बघायला सांगितलं होतंत? चहा की मंडळ?

आपल्या भाषेने या 'बघ'ची काय गंमत करून ठेवली आहे! तहसील कचेरीत साहेब "बघू" म्हणाला की समजायचं, काम होत नाही. कंत्राटदार "बघतो" म्हणाला की विसरून जायचं. "बघून घेईन" म्हटलं की पोलीस चौकी गाठायची. आणि "तू बघ" म्हणजे डोळे उघडून नुसतं पाहा असंही नाही, आणि तूच मालक असंही नाही. कधी त्याचा अर्थ तुझ्यावर सोपवलं असा होतो, कधी माझ्या मागची कटकट गेली असा. तुम्हाला यातलं सगळंच आवडायचं. साईटवर गवंड्याने विचारलं, "सायेब, खिडकी कुठे घेऊ?" की तुम्ही त्यालाच खोलीच्या मधोमध उभं करायचात आणि म्हणायचात, "तू बघ, वारा कुठून येतो ते." मग तो सांगायचा आणि तुम्ही कधी मान्य करायचात, कधी त्याच्याशी कचाकचा भांडायचात.

मी तुम्हाला किती वेळा विचारलं आठवतंय? एकदा तुमच्या पडवीत, झोपाळ्यावर. तुम्ही म्हणालात, "चहा कसा होता तो?" एकदा बोर्डीच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली, कोणाच्या तरी बंगल्याची जागा बघायला गेलो होतो तेव्हा. तुम्ही म्हणालात, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, मला वाटतं की मी विचारतेय म्हणजे मला ठाऊक नाही. त्यावर तुम्ही वाळूत काठीने प्लॅन काढायला लागलात. आणि शेवटचं, वापीच्या दवाखान्यात. काकू औषधं आणायला खाली गेल्या होत्या. तुमच्या नाकात नळी, हाताला सुई, आणि तुम्ही दुसऱ्या हाताच्या वितीने पलंगाची कड मोजत होता. मी म्हटलं, "सर, आता तरी सांगा." तुम्ही दाराकडे बोट दाखवलंत आणि म्हणालात, "मघाशी त्या दारातून स्ट्रेचर वळवून आणलं. कसं वळवलं असेल गं? मला झोपून दिसलं नाही. जरा बघून ये ना." आणि मी खरंच उठून ते दार बघायला गेले, सर! परत आले तर नर्स तुमचा ताप बघत होती. मग काकू आल्या. ते आपलं शेवटचं बोलणं.

तुमचा राग येतो मला. आठवण येते तेवढाच राग येतो.

अध्यक्ष झाल्यावर पहिल्याच सभेत मी तुमचा स्नेहमेळावा बंद करायचा ठराव मांडला. तुमचा म्हणजे तुम्हीच सुरू केलेला, जयंतीभाईंच्या मेहुण्यांच्या चिकूच्या वाडीत दर थंडीत भरणारा. मडक्यात भाज्या घालून भाजलेला उंबाडियो, जिलबी, मुलांच्या शर्यती, बायकांचे फनीगेम्स, आणि शेवटी एका सभासदाचा शाल देऊन सत्कार. मला तो आवडायचा. पण त्या दिवसांत आपल्याकडे जमीन हादरायला लागली होती. आधी ढग गडगडल्यासारखा आवाज यायचा, मग भांडी वाजायची. पाड्यापाड्यांवर माणसं घर सोडून अंगणात प्लास्टिकच्या कागदाखाली झोपत होती. शाळेतली पोरं आवाज झाला की वर्गाबाहेर पळत होती. आणि आपण आर्किटेक्ट लोक वाडीत उंबाडियो खाणार? मी म्हटलं, मेळावा बंद. त्या सगळ्या रविवारी आपण पाड्यांवर जायचं, घरांच्या भेगा बघायच्या, कुठलं घर राहण्यासारखं आहे आणि कुठल्याला काय करायला हवं ते सांगायचं, फुकट.

तुम्ही विरोधात बोललात. एकदाच, आणि थोडक्यात. "भेग बघायला जाल," तुम्ही म्हणालात, "तर ती भेग तुमची होईल. उद्या ते घर पडलं तर लोक म्हणतील, हे येऊन बघून गेले होते. आणि मेळावा मोडू नका. वर्षातून एक दिवस आपण एकमेकांना गिऱ्हाईक चोरणारे म्हणून बघत नाही, तो हा दिवस." मी खुर्चीतून उत्तर दिलं. मी फार तयारी करून आले होते. हात वर झाले, तुमचा मुद्दा पडला, मेळावा बंद झाला.

पुढच्या रविवारी गंजाडकडे जायला मी गाडी काढली तर तुम्ही बाजारपेठेच्या कोपऱ्यावर उभे. हातात टॉर्च, पायात जुने बूट, डोक्याला रुमाल. "मला मागे बसव," म्हणालात. "पुढे बसलो की मी रस्ता सांगत बसतो."

तो पहिला पाडा मी विसरणार नाही. एक म्हातारी दारातच उभी राहिली. "घर पाडायला आलेस का गो?" तिने तुम्हाला नाही, मला विचारलं. घर अर्धं विटांचं, अर्धं कुडाचं, म्हणजे कारवीच्या काठ्या विणून शेणामातीने लिंपलेल्या भिंतींचं. विटांच्या भागाला कोपऱ्यातून तिरकी भेग गेली होती. कुडाचा भाग नुसता थोडा पोपडा उडून जसाच्या तसा. मला विटांचं काय करायचं ते माहीत होतं, दारं-खिडक्यांच्या वरून घरभर सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा घाला वगैरे. कुडाचं कोणत्याच पुस्तकात शिकवलं नव्हतं. मी तुमच्याकडे वळले. तुम्ही टॉर्च भेगेवर धरलात आणि म्हातारीला म्हणालात, "आजी, ही मॅडम सांगेल." बस्स. मी काय सांगितलं ते मला नीट आठवतही नाही. विटांची बाजू मोकळी ठेवा, निजायला कुडाच्या बाजूला जा, असं काहीतरी. म्हातारी मान हलवत होती, तुम्ही टॉर्च धरून होता.

परतताना आपण भांडलो. मी म्हटलं, "सर, याला प्रोत्साहन म्हणत नाहीत. याला अंग काढून घेणं म्हणतात. तुम्हाला येत होतं आणि तुम्ही गप्प बसलात. मी चुकीचं सांगितलं असतं तर?" तुम्ही मागच्या सीटवरून म्हणालात, "मी अंग काढलं नाही तर तुला बसायला जागा कुठून होईल?" मी म्हटलं, शब्दांचे खेळ नकोत. तुम्ही म्हणालात, "बरं." आणि डहाणू येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलात.

मी त्या म्हातारीला सांगितलं ते बरोबर होतं का, सर? तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. त्यानंतर कितीतरी रविवार आपण गेलो. तुम्ही मागच्या सीटवर, सभेत मागच्या खुर्चीत, पाण्याच्या फिल्टरशेजारी. मी चुकले की तुमच्या खुर्चीचा कुरकुर आवाज यायचा, असं मला वाटायचं. म्हणून एकदा मी सभेच्या आधी येऊन ती खुर्ची बदलली. तरी आवाज आलाच. तेव्हा कळलं की आवाज माझ्याच कानात आहे.

लोकांना वाटायचं, मोठ्या मनाचा माणूस, तरुणांसाठी जागा सोडली. शोकसभेतही तीन-चार जण तेच बोलले, त्यागाबिगाचं. मला ते कधी पटलं नाही. त्यागी माणसाचा चेहरा असा नसतो. तुमच्या चेहऱ्यावर सभेत एक वेगळाच उत्साह असायचा, कुठलं तरी नवीन मशीन उघडून बघायला मिळाल्यासारखा. वाढवणच्या बंदराच्या बातम्यांनी जमिनींचे भाव चढले आणि नवीन लेआउटवाल्यांची कामं घ्यायची की नाही यावरून तरुण पोरं आपसांत हमरीतुमरीवर आली, तेव्हा पाटीलसाहेब कपाळाला हात लावून बसले होते आणि तुम्ही खुर्ची पुढे ओढून घेतली होती. तुम्हाला नक्की काय बघायचं होतं?

त्याचं उत्तर मला काकूंकडे मिळालं. म्हणजे अर्धं. आणि दुसरं एक मिळालं, जे मला नको होतं.

तुमचं तेरावं झाल्यावर मी काकूंना भेटायला गेले. त्या ओट्यावर बसून चिकूच्या फोडी करत होत्या, एक बशी मला दिली. म्हणाल्या, "ह्यांच्याइतका हौशी माणूस नाही बघितला मी. तुमच्या सभेच्या दिवशी दुपारपासून इस्त्रीचा शर्ट काढून ठेवायचे. मी म्हणायचे, एवढं काय आहे त्या सभेत? तर म्हणायचे, अगं, काय करतील सांगता येत नाही, त्यातच तर मजा आहे. माझ्या वेळी मला सगळं माहीत असायचं, कोण काय बोलणार, काय ठरणार. झोप यायची मला खुर्चीत."

मला हसू आलं. मग मी विचारलंच, "काकू, ती चहाची सभा झाली त्या दिवशी घरी येऊन काही म्हणाले होते का?"

काकू एवढ्या हसल्या की सुरी खाली ठेवावी लागली. "अगं, दारातूनच हसत आले! म्हणाले, गंमत झाली, मी तिला चहा आणायला पाठवलं आणि त्या शहाण्यांनी तिला अध्यक्ष केलं. मी म्हटलं, मग सांगायचं ना तिथेच. तर म्हणाले, सांगणार होतो. पण ती किटली हातात धरून अशी उभी होती, आणि मला वाटलं, होऊ दे की. काय होतं ते तरी कळेल."

हातातली फोड मी बशीत परत ठेवली. म्हणजे चहाच होता तो, सर. इतकी वर्षं मी मनातल्या मनात दोन्ही पारड्यांत तोलत होते आणि खरं सांगायचं तर एक पारडं मीच बोटाने खाली दाबून ठेवलं होतं. तुम्ही मला निवडलं होतंत, असं. सभेत कोणी माझं ऐकेनासं झालं की मी ते आठवायचे. भूकंपाच्या बैठकीला कलेक्टर कचेरीत मोठमोठ्या लोकांसमोर उभं राहताना तेच धरून उभी राहायचे. काकू अजून हसत होत्या. मीही हसले, आणि मग तुमच्या न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आले.

गेल्या शनिवारी वार्षिक सभा झाली. माझी मुदत संपली होती. आणि काय चमत्कार बघा, मला कोणी उठू देईना. पाटीलसाहेब म्हणाले, आत्ताच सर गेलेत, अशा वेळी अनुभवी माणूस पाहिजे. अनुभवी म्हणजे मी! मागे वळून बघितलं, दुसरं कोणी उभं आहे का म्हणून. जयंतीभाई तर उभेच राहिले. "सरांनी सोताच्या तोंडाने तुझं नाव घेतलेलं. ते हयात नाय म्हणून आपण त्यांचा शब्द बदलायचा? तूच ऱ्हा."

आणि सर, मला राहायचं होतं. ती खुर्ची मला आवडते. रविवारचे दौरे अर्ध्यावर आहेत, माझ्याइतकं ते कोणाला माहीत नाही, सगळं माझ्या डोक्यात आहे. नुसती मान हलवायची होती. मी सभेकडे बघितलं. अस्मिता मागे बसली होती. वडील शिक्षक, आई अंगणवाडीत, तलासरीला हायवेलगत एका खोलीचं ऑफिस, सभेला येताना दोन गाड्या बदलून येणारी. मी नाही म्हणाले तर तिचं नाव निघेल हे तिला माहीत होतं, मलाही. मी हो म्हणाले असते तर तिने टाळ्याही वाजवल्या असत्या.

मी उठून खरं सांगितलं. म्हटलं, "सरांनी माझं नाव घेतलं नव्हतं. मला चहा आणायला पाठवलं होतं. काकूंना विचारा."

मग जयंतीभाई म्हणाले, "एटले... म्हणजे आपण फुकट टाळ्या वाजवल्या?" त्यावर जे हसू फुटलं, सर, खालचा दुकानदार वर डोकावून गेला. पाटीलसाहेबांना वेगळीच काळजी. ते म्हणाले, मग एवढ्या वर्षांचे ठराव कायदेशीर धरायचे का?

मी म्हटलं, यावेळी चहा येण्याआधी निवडणूक घेऊ, नाव मोठ्याने घेऊन आणि मतं मोजून. मी अस्मिताचं नाव सुचवलं. ती जागेवरूनच म्हणाली, "मी करेन, पण माझी अट आहे. तुम्ही सगळे मला मधे मधे सांगायचं नाय. आणि मॅडम, सरांसारखं गप्प पण बसायचं नाय. नाय पटलं तर तोंडावर बोलायचं, माझ्या आधी नाय, माझ्या नंतर." तिच्यासमोर कोणी उभं राहिलं नाही. तरी आम्ही हात मोजले.

नव्या अध्यक्षाने त्याच सभेत खुर्चीत बसून एक तरी विषय चालवायचा, ही तुम्ही घातलेली रीत. अस्मिता बसली, आणि पहिलाच विषय तिने काढला तो रविवारच्या दौऱ्यांचा. बंद करायचे म्हणाली.

"माझ्या मामाच्या घरी आपण गेलेलो," ती म्हणाली. "मॅडमनी सगळं नीट सांगितलेलं. मामाने मान हलवली. आपण चहा पिऊन आलो. मग मामाने गवंडी बोलवला, गवंड्याने भेग बुजवली, वर रंग मारला. पुढच्या हादऱ्याला परत तिथेच भेग. आपण घरवाल्याशी बोलतो, घर बांधतो गवंडी. हे वर्षभर कुठल्या पाड्यावर जायचं नाय. तलासरीला गवंड्यांना बोलवू, त्यांच्यासोबत एक खोली बांधू, पट्टा घालून, कूड धरून, आणि ती हलवून बघू."

मी तिचं बोलणं होऊ दिलं, मग उठले. म्हटलं, माझा विरोध आहे. लोक आपली वाट बघतात. ज्या घराला मागच्या महिन्यात सांगून आलो की पुन्हा येऊ, त्याला काय तोंड दाखवायचं? दोन्ही करू. अस्मिता म्हणाली, दोन्ही करायला माणसं नायत मॅडम, तुम्हाला माहितेय. मला माहीत होतं. मी आणखी बोलले, जरा जास्तच बोलले, आवाजही चढला. मग हात वर झाले. सगळ्यांत आधी जयंतीभाईंचा, अस्मिताच्या बाजूने, कारण त्यांचा रविवार मोकळा होत होता. माझा मुद्दा पडला. इतक्या वर्षांचं काम एका विषयात संपलं, आणि तिने शांतपणे पुढचा विषय घेतला.

ती बरोबर आहे की चूक, मला खरंच माहीत नाही. ती खोली हलवून बघणार म्हणजे कशी हलवणार? ट्रॅक्टर लावून? गवंडी येतील का रोजी बुडवून? सभेतून उठताना डोक्यात रागाबरोबर हे सगळं सुरू झालं होतं. तुम्ही इस्त्रीचा शर्ट का काढून ठेवायचात, ते मला त्या क्षणी समजलं.

पण मी सगळ्यांच्या आधी निघाले आणि जिन्यात मधेच बसले. बाकीचे मला वळसा घालून उतरत होते. थोड्या वेळाने अस्मिता कुलूप लावून खाली आली आणि माझ्या शेजारी टेकली.

"मॅडम, रागावलात?"

"हो."

"खूप?"

"खूप."

तिने माफी मागितली नाही, समजूतही घातली नाही. म्हणाली, "चला, मी तुम्हाला घरापर्यंत सोडते. माझी गाडी गेली तर पुढची मिळेल." आणि खरंच आली ती, माझी पिशवी धरून, अख्ख्या रस्त्याने गवंड्यांबद्दल बडबडत. मी हूं हूं करत होते. घराच्या फाटकाशी आले तेव्हा मला रडू फुटलं, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. तिला वाटलं दौऱ्यांसाठी रडतेय. मी तसंच वाटू दिलं.

मेळावा बंद झाला त्या सभेनंतर आम्ही सगळी तरुण मंडळी आइस्क्रीम खायला गेलो होतो, सर. खूप आनंदात होतो. तुम्ही त्या दिवशी घरी कसे गेलात? सोबत कोणी होतं?